नावाच्या पाठीमागचा रंग

फलकावरचे नाव आपण वाचतो, फोटोतला चेहरा ओळखतो आणि पुढे जातो. त्या नावाच्या पाठीमागे जो रंग पसरलेला असतो त्याच्याकडे थांबून पाहायला कोणाला सवड नसते. वाचकहो, ह्या आठवड्यात त्या पाठीमागच्या रंगाविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आमच्या वस्तीतल्या पाच-सहा घरांची चूल आज ह्या रंगावर पेटते, आणि ती पेटविणाऱ्या लेकरांना आपण नेमके कोणते काम करतो हे परवा-परवापर्यंत सांगता येत नव्हते.

आमचे मुदखेड हे जंक्शनचे गाव. नांदेडहून आलेली एक वाट इथून उमरी, धर्माबादवरून निझामाबादकडे जाते आणि दुसरी भोकर, किनवटवरून आदिलाबादकडे. सकाळी डबा घेऊन नांदेडच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत पूर्वी बांधकामावरचे मिस्त्री, दवाखान्यातले वॉर्डबॉय, दुकानांतले नोकर असत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यांत एक नवी जमात मिसळली आहे. खिशात पेनड्राइव्ह, रात्रीच्या जागरणाने डोळे लाल. ही फ्लेक्सच्या दुकानांत काम करणारी मुले. काय काम करतोस म्हणून विचारले तर एकच उत्तर, 'ऑपरेटर हाव'.

फ्लेक्स येण्याआधी हे काम पेंटर करीत. आमच्या ओळखीचे एक पेंटर मामा आजही हयात आहेत. पत्र्याला आधी प्रायमर, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात, आणि दुसरा हात ओला असतानाच वरून गडद व खालून फिकट रंग घेऊन रुंद ब्रशने ते एकमेकांत असे मिसळायचे की सांधा कुठे आहे हे कळू नये. मग निळीची पूड लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, की रेघ उमटली. अक्षरे सर्वांत शेवटी. मामा अक्षरांपेक्षा त्या मिसळीवर जास्त वेळ घालवीत. आम्ही एकदा त्यांना कारण विचारले, तर म्हणाले, "मागचा रंग पुढं आला की मानूस मागं जातो." २००० नंतरच्या दहा वर्षांत गावोगावी फ्लेक्स पोहोचला. महिनाभराचे काम एका रात्रीत छापून येऊ लागले आणि मामांचे ब्रश पत्र्याच्या डब्यात पडून वाळले.

फोटो स्टुडिओतला पडदाही आठवून पाहा. ताजमहाल, कारंजे, नागमोडी जिना, नाहीतर बर्फाचा डोंगर. आपल्या कितीतरी घरांत लग्नानंतरचा पहिला फोटो अशा पडद्यापुढे काढलेला आहे. नवरा रोजंदारीवरचा, बायको शेतमजूर, आणि पाठीमागे भलत्याच कोणाचा बंगला. त्या फोटोंना आम्ही हसत नाही. माणसाला एक दिवस तरी चांगल्या जागी उभे राहावेसे वाटते. पण ती जागा दुसऱ्याची असते, हे फोटोतही लपत नाही.

संगणकाने जी नवी पाठ आणली ती निराळी आहे. तिच्यात बंगला नाही, डोंगर नाही, कशाचाच आकार नाही. नुसते किरण, धुके, लाटा, संगमरवरासारख्या शिरा. चित्रकलेत ह्याला अमूर्त म्हणतात. नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे हे ह्या वाटेचे मोठे चित्रकार. रोलर आणि रंगाची सुरी घेऊन ते रंगाचे थर चढवीत, काढीत, पुन्हा चढवीत. फ्लेक्सच्या दुकानातल्या कामाची त्यांच्या चित्रांशी बरोबरी करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. मात्र रंगाने कशाचेही सोंग न घेता रंग म्हणूनच उभे राहावे, ही गोष्ट आमच्या गावच्या चौकात आली ती फ्लेक्सच्या पाठीवर बसून.

आली खरी, पण उधारीवर आली. लग्नाचे फोटो 'करिझ्मा' अल्बमात लावायची पद्धत पडली तेव्हा १२ × ३६ इंचांच्या पानांमागे घालायला तयार पाठींच्या डीव्हीडी बाजारात मिळू लागल्या. एका डीव्हीडीवर शेकडो फाइली. दुकानदार ती एकदा विकत घेई, पुढे तिच्या नकला एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जात. तीच सोनेरी चमक, तेच जांभळे धुके नांदेडात, लातुरात, परभणीत, सगळीकडे. मुलाचे काम एवढेच की फाइल उघडायची, फोटो चिकटवायचा, नाव टाकायचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एक म्हाताऱ्या आजी वारल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेली बाई. नातवंडांनी वर्गणी करून वस्तीच्या तोंडाशी आदरांजलीचा फलक लावला. दुसऱ्याच दिवशी त्याच चौकात एका भावी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक आला. दोन्ही फलकांमागे तेच सोनेरी किरण, त्याच चांदण्या, उजव्या कोपऱ्यात तोच चमचमाट. लोक थांबून पाहत आणि तोंड फिरवून हसत. आजींच्या घरचे मात्र तिकडे पाहिनासे झाले. दोन्ही फलक ज्या मुलाने दुकानात बसून केले तो आजींचा शेजारीच. मालकाने सांगितले, डीव्हीडीतली सात नंबरची पाठ टाक, त्याने टाकली. त्याच्या मायने त्याला रात्री जेवताना एवढेच विचारले, "बाबा, तुमच्या दुकानात दुसरा कागद नव्हता का?"

कागद हवा तेवढा होता. दुसरी पाठ कशी करायची हे त्याला ठाऊक नव्हते, आणि दुकानात ते शिकविण्यात कोणाचा फायदाही नव्हता. ज्याला करता येते त्याला 'डिझायनर' म्हणतात आणि तो पैसे निराळे मागतो.

तो पोरगा पुढच्या रविवारी आमच्याकडे आला. आमचे शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. चित्र काढायला सांगाल तर आम्हाला धड आंबा काढता येत नाही. पण विहारालगतच्या अभ्यासिकेत कोणीतरी मोडीत काढून दिलेले दोन संगणक होते. त्यांवर आम्ही 'गिम्प' नावाचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. चित्रे हाताळण्याचा हा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये करायला घेतला. तो कोणालाही फुकट मिळतो, कायद्याने मिळतो, आणि जगभरचे लोक त्यात भर घालीत असतात. तिसरी मोठी आवृत्ती २०२५ मध्ये आली. दुकानांत चालतो तो फोटोशॉप. २०१३ पासून कंपनी त्याच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच देते. आमच्या गावच्या मुलाला दरमहा ते भाडे परवडणार नाही, आणि चोरीची सीडी घालून शिकवायला आम्ही बसणार नव्हतो. गिम्पमध्ये अडचणीही आहेत, त्या पुढे सांगू.

आता मुद्दा फिल्टरचा. मुले म्हणत, "ब्लर मार", "क्लाउड मार", जणू तो एखादा मंत्र आहे. आम्ही त्यांना म्हटले, आधी वही काढा. संगणकावरचे चित्र म्हणजे चौकटींची वहीच आहे. प्रत्येक चौकटीत तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक ० ते २५५ मधला. दहा फूट बाय आठ फुटांच्या फलकाला इंचामागे ७२ ठिपके धरले तर ८,६४० × ६,९१२ चौकटी होतात. गुणाकार पोरांकडूनच करून घेतला: ५ कोटी ९७ लाख १९ हजार ६८०. एवढ्या चौकटींत हाताने आकडे भरायला जन्म पुरणार नाही. फिल्टर म्हणजे सर्व चौकटींना एकदम लागू होणारा हिशेबाचा नियम, दुसरे काही नाही.

पहिला नियम ब्लरचा. वहीत आम्ही पाच आकडे लिहिले: २०, २०, २००, २०, २०. मध्ये एक झगझगीत ठिपका, आजूबाजूला अंधार. आता मधल्या तिघांपैकी प्रत्येकाच्या जागी तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी ह्यांची सरासरी लिहा. दुसरीकडे २० + २० + २०० भागिले ३, म्हणजे ८०. तिसरीकडे ८०, चौथीकडेही ८०. २००चा खांब मोडला आणि ८०ची टेकडी झाली. हाच ब्लर. दुकानात वापरतात तो 'गॉशियन' ब्लर जवळच्या शेजाऱ्याला जास्त वजन देतो आणि दूरच्याला कमी, एवढाच फरक. सरासरी सगळ्या बाजूंनी न काढता एकाच दिशेने काढली की 'मोशन ब्लर' होतो. धावत्या रेल्वेतून झेंडूच्या मळ्याकडे पाहा. फुले दिसत नाहीत, पिवळ्या रेघा दिसतात. मुलांनी हे उदाहरण लगेच पकडले. रोज गाडीने जाणारी मुले ती.

दुसरा नियम ढगांचा, आणि आम्हाला सर्वांत जास्त आवडलेला. चित्रावर मोठ्या चौकटींची जाळी टाका आणि प्रत्येक कोपऱ्यावर फासा टाकून येईल तो आकडा लिहा. कोपऱ्या-कोपऱ्यांमधली जागा हळुवार उताराने जोडा. मग निम्म्या मापाची जाळी घेऊन तेच करा, पण तिचा जोर निम्मा ठेवा. पुन्हा त्याच्या निम्म्याने. सगळ्यांची बेरीज केली की मोठ्या ढगावर लहान ढग, त्यावर आणखी बारीक पिंजण असे दिसू लागते. ह्या विचाराला नाव मिळाले केन पर्लिन ह्या अमेरिकन माणसाचे. 'ट्रॉन' हा १९८२चा चित्रपट, त्यातली संगणकाची चित्रे करणाऱ्यांत हे होते. ती चित्रे फार यंत्रासारखी, घासून-पुसून गुळगुळीत दिसतात, हे त्यांना खटकले. म्हणून त्यांनी हिशेबात नियमाने खडबडीतपणा मिसळण्याची ही रीत काढली, १९८५ मध्ये ती विद्वानांपुढे मांडली, आणि १९९७ मध्ये त्याबद्दल त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. गिम्पमध्ये एका फिल्टरला आजही त्यांचेच नाव आहे. गोष्ट ऐकून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे फाशाला ऑस्कर भेटला!" आम्ही म्हटले, फाशाला नव्हे बाबा, जोडणाऱ्याला.

फोटोशॉपची कथाही घरगुतीच आहे. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल ह्या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये आपल्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या कामात होता, त्याने त्यात फिल्टरांची भर घातली. १९९० च्या फेब्रुवारीत फोटोशॉपची पहिली आवृत्ती विक्रीला आली. दोन भावांच्या घरातली वस्तू आज नांदेडच्या प्रत्येक फ्लेक्सच्या दुकानात आहे.

मग प्रत्यक्ष काम. त्या सोनेरी किरणांचे रहस्य आम्ही पहिल्याच महिन्यात फोडले, कारण पोराच्या मनात तेच सलत होते. रिकाम्या चित्रावर 'नॉइज' टाका, म्हणजे बारीक खसखस पेरल्यासारखे ठिपके येतात. त्यावर उभा मोशन ब्लर मारा. ठिपक्यांच्या उभ्या रेघा होतात. मग 'पोलर को-ऑर्डिनेट्स' हा फिल्टर लावा. तो चित्र गोल गुंडाळतो: वरची कड एका बिंदूत गोळा होते आणि उभ्या रेघा त्या बिंदूतून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर पडतात. हे झाले किरण. रंग नंतर भरायचा. तीन पायऱ्या, दहा मिनिटे. आजींच्या फलकामागे जे होते ते एवढेच होते. पोरगा बराच वेळ पडद्याकडे पाहत बसला. आम्हीही त्याला हलविले नाही.

पण किरणांत एक शिवण राहते. चित्र गुंडाळताना डावी कड आणि उजवी कड जिथे भेटतात तिथे केंद्रापासून काठापर्यंत एक सरळ रेघ दिसते, कारण दोन्ही कडांचे आकडे जुळत नाहीत. तयार पाठीतही ती रेघ कधीकधी दिसते, बारकाईने पाहावे. उपाय शिंप्याचाच: शिवण आधी मधोमध आणा आणि मग रफू करा. 'ऑफसेट' नावाचा फिल्टर चित्र अर्ध्या रुंदीने सरकवतो आणि एका बाजूने बाहेर गेलेले दुसऱ्या बाजूने आत आणतो. कडा मधोमध येतात, त्या आजूबाजूच्या रंगाने मिटवायच्या, आणि मगच गुंडाळायचे. ढगांच्या बाबतीत हा खटाटोपही नको. गिम्पच्या 'सॉलिड नॉइज'मध्ये एका खुणेवर टिचकी मारली की चारी कडा आपोआप जुळतात, आणि चित्र फरशीसारखे शेजारी-शेजारी मांडता येते. फोटोशॉपमध्ये चित्राचे माप २५६, ५१२, १,०२४ असे घेतले तर ढगाच्या कडा जुळून येतात. आणि 'डिफरन्स क्लाउड' हा फिल्टर एकावर एक चार-पाच वेळा मारला तर संगमरवराच्या शिरा उठतात.

आमची मुले सुरुवातीला सगळेच फिल्टर एकाच चित्रावर मारीत. ढग, त्यावर भोवरा, त्यावर काच, त्यावर चमक. पाहणाऱ्याला भोवळ यावी असा प्रकार. एके रविवारी आम्ही पेंटर मामांना मुद्दाम बोलावून आणले. त्यांनी चष्मा पुसून पडदा पाहिला आणि एकच प्रश्न केला, "नाव कुठं लिव्हनार?" त्यानंतर वर्गात नियम झाला, की पाठ करायला घेण्याआधी नावाची जागा पेन्सिलने कागदावर आखायची.

आपल्या लिपीसाठी हा नियम फार मोलाचा आहे. इंग्रजी अक्षरांना आजूबाजूचा गोंगाट सोसतो. मराठीत एका ठिपक्याने शब्द फिरतो. चमकणाऱ्या चांदण्यांच्या पाठीवर 'वदन' लिहिले आणि वर एक चांदणी पडली तर ते 'वंदन' होते. उलट 'मंगल परिणय' लिहिले आणि अनुस्वार चमचमाटात बुडाला तर 'मगल' वाचावे लागते. आडनावातला अनुस्वार गेला तर माणसे रागावतात आणि ते बरोबरच आहे. म्हणून अक्षरांच्या पाठीमागे तरी ब्लर हवा, आकड्यांतले चढ-उतार कमी हवेत. मात्रा आणि वेलांटीच्या उंचीवर तर मुळीच ठिपके नकोत.

आता निळ्या रंगाचे दुखणे. एप्रिल आला की आमच्याकडची मुले दुकानात निळ्या पाठीचे फलक सांगतात, पडद्यावर पाहून खूश होतात, आणि छापून आले की भांडण. एका मुलाने आम्हाला विचारले, "काका, निळा रंग जांभळा कामून यायलाय?" काहींना वाटे, दुकानदार मुद्दाम करतो. दुकानदार म्हणे, शाई तशीच आहे. खरे कारण दोघांनाही माहीत नव्हते. पडद्यावरचा निळा हा प्रकाशाचा निळा. छपाईच्या यंत्रात चार शाया असतात: आकाशी सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. प्रकाशातला शुद्ध निळा त्या चार शायांच्या आवाक्यातच बसत नाही. संगणक त्यातल्या त्यात जवळचा म्हणून सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरपूर ओततो, आणि दोन्ही सारख्या पडल्या की जांभळा होणारच. त्याला उपाय असा, की मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा. सायन १०० असेल तर मॅजेंटा ६०-६५ च्या वर जाऊ देऊ नये. हे आकडे आम्ही अभ्यासिकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत. गिम्पची अडचण म्हटले ती इथेच येते. तो मुळात पडद्याच्या रंगांत काम करतो; म्हणून फाइल दुकानात गेल्यावर छपाईचे आकडे तिथे बसून पुन्हा तपासावे लागतात. मुलांनी ते तपासायला मागावे. मालक कुरकुरला तरी मागावे, पैसे आपण देतो.

निळ्याचीच आणखी एक खोड आहे. गडद निळ्यापासून थोड्या फिकट निळ्यापर्यंत हळुवार उतार केला तर पडद्यावर मखमल दिसते, आणि फलकावर पट्टे. हाही हिशेबच. दोन छटांमध्ये फक्त ४० आकड्यांचा फरक असेल आणि रुंदी १२० इंच असेल, तर प्रत्येक आकड्याच्या वाट्याला ३ इंच आले. तीन-तीन इंचांचे पट्टे डोळ्याला दिसणारच. त्यावर अगदी थोडा नॉइज, टक्का-दोन टक्के, टाकला की पट्ट्यांच्या कडा विस्कटतात आणि डोळा फसतो. जो खडबडीतपणा पर्लिन ह्यांनी पडद्यासाठी शोधला तोच मुदखेडच्या फलकाला कामी येतो. आणि जुन्या संगणकावर पाच-सहा कोटी चौकटी हलविताना यंत्र गुदमरते, म्हणून ढग आणि धुके लहान मापात करून मग मोठे करावे. धूसर गोष्ट ताणली तरी बिघडत नाही. नॉइज मात्र मोठे केल्यावर, सर्वांत शेवटी टाकावा, नाहीतर खसखशीचे हरभरे होतात.

ह्या सगळ्याने पोटाला काय मिळाले, असे वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. आजींचा तो शेजारी आता दुसऱ्या दुकानात आहे. पहिल्या ठिकाणी त्याने स्वतः केलेल्या पाठींचे वेगळे पैसे मागितले. मालक म्हणाला, फिल्टर तर यंत्र मारते, तुझे काय? पोराने वही पुढे केली. तिच्यात प्रत्येक पाठीच्या पायऱ्या, मापे, शायांचे आकडे, तारीख. मालकाने ती वाचली नाही. नव्या ठिकाणी मालकाने ती वाचली आणि पगाराशिवाय प्रत्येक नव्या पाठीमागे ठरलेली रक्कम द्यायचे कबूल केले. सगळ्यांचेच असे जमले म्हणून आम्ही सांगणार नाही. एक मुलगा हे काम सोडून रिक्षा चालवतो, आणि रिक्षात कमाई बरी आहे असे म्हणतो. त्याचेही खरे असेल.

शिवाय काळ थांबलेला नाही. आता डीव्हीडीची जागा मोबाइलने घेतली. 'पिक्सेललॅब'सारख्या ॲपमध्ये तयार फलकांच्या फाइली एकमेकांना पाठवितात. फोटो बदलला, नाव बदलले, झाले. २०२३ पासून तर फोटोशॉपमध्येच शब्द लिहून चित्र मागायची सोय झाली आहे. निळे धुके दे म्हटले की निळे धुके येते. मुलांनी आम्हाला काळजीने विचारले, आता वहीचे काय? आम्हाला जे दिसते ते आम्ही सांगितले. मागितलेले धुके सुंदर असते, पण ते १० फुटांचे नसते, त्याचा निळा शाईत बसत नाही, आणि त्यातला प्रकाश नेमका नावाच्या जागेवर येऊन बसलेला असतो. ते सुधारायला आकडे कळणारा माणूस लागतो. किती दिवस लागेल हे सांगण्याइतके आम्ही ज्योतिषी नाही, आणि ज्योतिषावर आमचा विश्वासही नाही.

अभ्यासिकेत आता तीन मुलीही येतात. त्यांतली एक बारावीची. तिच्या आईच्या बचत गटाला पापड-शेवयांच्या पाकिटासाठी चिठ्ठी हवी होती. दुकानदाराने सूर्यफुलांची तयार पाठ दाखविली. मुलगी म्हणाली, पापडात सूर्यफूल कशाला? तिने उडदाच्या पापडाचा मोबाइलवर फोटो काढला, त्यातला पोत धूसर केला, त्याच्या करड्या छटांना फिकट पिवळा ते तपकिरी असे रंग वाटून दिले आणि कडा जुळवून ५१२ चौकटींची फरशी केली. पाहणाऱ्याला पापड दिसत नाही, पण भूक लागल्यासारखे वाटते. गटातल्या बायांनी विचारले, "हे कोनाचं हाय?" ती म्हणाली, "आपलंच हाय, मावशी." छपाईच्या हिशेबात पिवळा थोडा वाढवावा लागला, एवढाच काय तो फेरफार.

मे महिन्याच्या सुट्टीत दोन संगणकांवर अकरा मुले बसतात, म्हणून पाळ्या लावल्या आहेत. मुदखेड आणि जवळपासच्या गावांतून ज्यांना मुले पाठवायची असतील त्यांनी रविवारी सकाळी पाठवावीत. पेनड्राइव्ह नसला तरी चालेल. चौकटीची वही आणि पेन्सिल मात्र आणावी, कारण पहिले दोन रविवार आम्ही संगणक सुरूच करीत नाही.